कोल्हापूरच्या जुन्या वास्तू आणि इथले कलावंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाबाईचे दर्शन, पन्हाळा, रंकाळ्यावरची संध्याकाळ आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढ्यावर बहुतेक पाहुण्यांचे कोल्हापूर संपते. त्यापलीकडचे कोल्हापूर पाहायला येणारेही आता वाढले आहेत, आणि बाहेरगावी स्थायिक झालेले कोल्हापूरकर आपल्या मुलांना शहर दाखवायला घेऊन येतात. त्या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसे आहेत.

एकच दिवस आहे. सुरुवात कुठून करू?

खासबागेतून. कुस्तीचे मैदान, त्याला पाठ लावून उभे असलेले केशवराव भोसले नाट्यगृह, जवळच गाण्याच्या बैठकींचा देवल क्लब, आणि तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर खरी कॉर्नर, जिथे महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. वाटेत बिनखांबी गणेश मंदिरही लागते. कुस्ती, नाटक, गाणे आणि सिनेमा या चारही गोष्टी इतक्या दाटीवाटीने एका जागी वाढलेले शहर महाराष्ट्रात दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. ही माणसे एकमेकांच्या शेजारी राहत होती, एकमेकांची कामे करत होती. नाटकाचे पडदे रंगवणारा चित्रकार सिनेमा काढतो, त्याला भांडवल एक गायिका देते, नाटकाला चाली लावणारा पेटीवादक पुढे बोलपटाचा नायक होतो. पुढची बरीच उत्तरे याच गोतावळ्याची आहेत.

खासबाग मैदान कुणी बांधले आणि त्यात एवढे विशेष काय?

राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज युरोपला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि आपल्या पैलवानांसाठी असेच काही असावे, हे त्यांच्या मनाने घेतले. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९१२ साली मैदान खुले झाले. उद्‌घाटनाला गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची जोड लावली होती.

विशेष आहे ते बांधणीत. मधोमध तांबड्या मातीचा हौद, आणि त्याच्याभोवती बशीसारखी वर वर चढत गेलेली गोलाकार बैठक. कडेला, अगदी वरच्या टोकाला बसलेल्या माणसालाही हौदातली पकड सरळ दिसते. पुढच्याचे डोके आड येत नाही, मध्ये खांब नाही. महाराजांना कुस्ती मानकऱ्यांपुरती ठेवायची नव्हती. खेड्यातून बैलगाडीने आलेला शेतकरी आणि पहिलीच कुस्ती बघायला आलेले पोर दोघांनाही डाव कळला पाहिजे, असा विचार करून हे मैदान आखले आहे. रिकाम्या मैदानात गेलात तर सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसा आणि हौदाकडे बघा. आखणीतले शहाणपण तिथून कळते.

आजही तिथे कुस्त्या होतात का? बाहेरच्या माणसाला बघता येतात?

होतात, आणि जरूर बघाव्यात. मोठे मैदान असले की शहरभर फलक लागतात. त्यावर जोडी, वजन आणि इनाम सगळे लिहिलेले असते. दुपारी लवकर जागा धरा. आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. त्या वगळून फक्त शेवटची मोठी कुस्ती बघायला येऊ नका, कारण खरी हुरहूर लहान्यांच्या कुस्तीत असते. हलगी आणि घुमकं सुरू झाले, पैलवानाने शड्डू ठोकला आणि पंचांनी हातावर माती दिली की गर्दीचा आवाज बदलतो.

हौदातली माती नुसती खणून टाकलेली नसते. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती मळतात. त्यामुळे माती मऊ राहते, अंगाला फार खरचटत नाही आणि जखम चिघळत नाही. स्पर्धेच्या नियमांमुळे आता तालमीत मॅटही आली आहे, पण गावोगावच्या जत्रेतली आणि खासबागेतली निकाली कुस्ती अजून मातीचीच.

मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमी बाहेरून पाहता येतात. आत जायचे असेल तर वस्तादांना विचारून, चपला बाहेर काढून जा. व्यायामाच्या वेळी फोटो काढत फिरू नका.

खाशाबा जाधव कोल्हापूरचे होते का?

गाव कराडजवळचे गोळेश्वर, पण कॉलेज कोल्हापूरचे राजाराम. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी दिले. तिथे जाण्याच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी केलेले एवढे मोठे काम या शहरात झाले, याचा आम्हाला फार अभिमान आहे.

पॅलेस थिएटर आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकच का?

हो. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबागेला लागून हे नाट्यगृह बांधले. तेव्हाचे नाव पॅलेस थिएटर. स्वातंत्र्यानंतर त्याला कोल्हापूरचेच थोर गायक नट केशवराव भोसले यांचे नाव दिले. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नाही, हे त्या काळच्या मानाने मोठे धाडस. ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचावे, अशी त्याची रचना. मागच्या बाजूला खासबागेकडे तोंड करून खुला रंगमंच, म्हणजे गर्दी मोठी झाली तर मैदानच प्रेक्षागृह. नाट्यगृह आणि आखाडा पाठीला पाठ लावून बांधायचे, ही कल्पनाच मला फार आवडते. संध्याकाळी कुस्ती बघणारा माणूस रात्री नाटकाला येणार, हे महाराजांनी गृहीत धरले होते.

केशवराव भोसले यांचे एवढे नाव का घेतात? ते तर फार तरुणपणी गेले.

एकतिसाव्या वर्षी गेले, हे खरे. ९ ऑगस्ट १८९० चा जन्म आणि ४ ऑक्टोबर १९२१ चा मृत्यू. पण तेवढ्यात केलेले काम बघा.

घरची गरिबी, त्यामुळे अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. 'शारदा' नाटकातली शारदेची भूमिका करणारे हे पोर बघता बघता महाराष्ट्रभर गाजले. शाळा फारशी झाली नाही. जे शिकले ते रंगभूमीवर आणि गवयांच्या पायाशी. १९०८ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच, त्यांनी हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी पुढे १९१३ ला निघाली आणि या दोन कंपन्यांत चुरस लागली. प्रेक्षकांतही तट पडले. बालगंधर्वांचे गाणे मधुर, केशवरावांचे तडफदार आणि उंच पट्टीचे.

८ जुलै १९२१ ला मुंबईत हे दोघे एका रंगमंचावर आले. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीवर त्या रात्रीइतकी बोलली गेलेली रात्र क्वचितच असेल. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव विषमज्वराने गेले. बापूराव पेंढारकरांनी कंपनी पुढे चालवली, म्हणून ललितकलादर्श हे नाव पुढच्या पिढ्यांना माहीत राहिले.

शाहू महाराजांचा त्यांच्यावर फार लोभ. सामान्य रयतेला तिकीट काढून नाटक बघणे परवडत नाही, म्हणून महाराजांनी खासबागेच्या उघड्या मैदानात त्यांचा प्रयोग लावला होता. ध्वनिक्षेपकाशिवाय, हजारोंच्या गर्दीसमोर. त्या आवाजाची ताकद किती असेल, याचा अंदाज मैदानात उभे राहूनच घ्यावा.

आगीत नाट्यगृह पूर्ण गेले का? आता काय बघायला मिळते?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, पडदे, लाकूडकाम सगळे जळाले. खासबागेकडच्या रंगमंचालाही झळ बसली. दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणारे नट, तंत्रज्ञ आणि साधे प्रेक्षक सगळ्यांनी पाहिले. ज्यांनी आयुष्यात एकही संगीत नाटक बघितले नव्हते अशी तरुण पोरेही त्यांच्यात होती.

इमारत मूळ होती तशीच पुन्हा उभी करायची, असा निर्णय झाला आणि काम हाती घेतले गेले. बघायला जाणार असाल तर आत जाण्याचा आग्रह धरू नका. बाहेरून दगडी भिंती आणि खासबागेची बाजू बघता येते. माझे मागणे एवढेच की इमारत उभी राहिल्यावर तिथे रोज काहीतरी चालले पाहिजे. हौशी मंडळींच्या तालमींना, शाळेच्या नाटकांना, लहान गाण्याच्या बैठकींना परवडेल असे भाडे ठेवले, तरच नाट्यगृह पुन्हा कोल्हापूरचे होईल. उद्‌घाटनाला नटवलेली आणि मग वर्षभर कुलूपबंद वास्तू या शहराला नको.

अल्लादिया खाँसाहेब तर उत्तरेकडचे. त्यांचे कोल्हापूरशी काय नाते?

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा. घराण्याचे नाव जयपूर-अत्रौली, पण ही गायकी पिकली ती कोल्हापूरच्या दरबारात. तरुणपणी अति गाण्यामुळे त्यांचा आवाज बसला होता. परत आला तो पूर्वीसारखा राहिला नाही. त्या बदललेल्या आवाजाला शोभेल अशी वक्र, अनवट, एकात एक गुंतत जाणारी तानेची पद्धत त्यांनी घडवली. शाहू महाराजांनी त्यांना दरबारगवई म्हणून आश्रय दिला आणि महाराज १९२२ साली जाईपर्यंत त्यांचा मुक्काम मुख्यतः कोल्हापुरातच होता. पुढे ते मुंबईला गेले आणि १९४६ साली तिथेच वारले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. आज आपण जे ऐकतो ते शिष्यांच्या गळ्यातून.

ते शिष्य म्हणजे गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांनी मल्लिकार्जुन मन्सूरांना शिकवले. केसरबाईंनी गायलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली. कोल्हापूरच्या राजवाड्यात घडलेली गायकी कुठवर पोहोचली, हे पोरांना सांगायला विसरू नका.

देवल क्लब हे या गाण्याचे गावातले घर. गायन समाज देवल क्लब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला आहे. भारतभरचे गवई तिथे गाऊन गेले. तिथल्या श्रोत्यांची ख्याती अशी की दाद सहज मिळत नाही आणि मिळाली तर पोटातून मिळते. गोविंदराव टेंबे याच वातावरणातले. पेटीवर असामान्य हात, 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्रही तेच.

कोल्हापूरला मराठी सिनेमाचे माहेर का म्हणतात?

कारण इथल्या माणसांनी कॅमेरा विकत आणून नव्हे, स्वतः बनवून सिनेमा सुरू केला. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले दोघे, नात्याने भाऊ. जात्याच हातात कसब. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून दोघांना पेंटर हे आडनाव चिकटले. चालते चित्र बघून दोघांना वेड लागले आणि कॅमेरा तयार करण्याची खटपट सुरू झाली. आनंदराव १९१६ साली गेले. भावाचे अर्धे राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ साली पुरे केले. लेथवर एक एक भाग कातून, दातेरी चाके जुळवून फिल्म एकसारख्या वेगाने पुढे सरकेल असे यंत्र त्यांनी घरच्या घरी बनवले. त्यांच्यातल्या कुणीही तंत्रज्ञानाच्या कॉलेजात पाऊल टाकलेले नव्हते.

१ डिसेंबर १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली होतीच. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, शाहू महाराजांनी जागा दिली. तानीबाईंचे नाव या गोष्टीत फार मागे पडते. त्यांनी पैसे घातले नसते तर पुढचे काहीच झाले नसते. दरवर्षी १ डिसेंबरला खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळ चित्रपट क्षेत्रातली मंडळी जमतात, तेव्हा त्यांचे नाव मोठ्याने घ्यावे असे मला वाटते.

१९२० साली 'सैरंध्री' आला. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या, हे तेव्हा मोठे धैर्याचे. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की बायाबापड्या घाबरल्या आणि सरकारी कात्रीचीही नजर त्यावर गेली. लोकमान्य टिळकांनी पुण्यात चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये घेतली. १९२५ चा 'सावकारी पाश' तर सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याची गोष्ट. देवादिकांच्या कथा चालत असताना बाबूरावांनी कर्जात बुडालेले खेडे पडद्यावर आणले. त्यातला तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम.

'सैरंध्री' आज कुठे बघायला मिळेल?

मिळणार नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची आणि नीट न ठेवल्यास विरघळून जायची. कंपनीच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला'सारख्या अगदी मोजक्या चित्रपटांचे भाग राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात वाचले आहेत.

प्रभात पुण्याची की कोल्हापूरची?

जन्म कोल्हापूरचा, कीर्ती पुण्याची. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. 'गोपाळकृष्ण' आणि दुर्गा खोटे यांचा 'अयोध्येचा राजा' इथलेच. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. पण सिनेमा कोल्हापुरातून हलला नाही. कोल्हापूर सिनेटोन निघाली, शालिनी सिनेटोन निघाली. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली हंस पिक्चर्स काढली. पुढे वडिलांच्या निधनानंतर घराची जबाबदारी अंगावर पडलेली लता मंगेशकर मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करायला कोल्हापुरात राहिली ती याच काळात.

जयप्रभा स्टुडिओबद्दल एवढी भांडणे का झाली?

कारण तो भालजी पेंढारकरांचा. कोल्हापूर सिनेटोनची जागा भालजींनी घेतली आणि तिथे जयप्रभा उभा राहिला. शिवकालीन चित्रपट म्हणजे भालजी, हे समीकरण इथेच तयार झाले. पृथ्वीराज कपूर आणि तरुण राज कपूर यांचा 'वाल्मिकी' हाही भालजींचाच. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत स्टुडिओ भस्मसात झाला. चित्रपट गेले, सामान गेले. भालजींनी कर्ज काढून तो पुन्हा उभा केला आणि पुढची कित्येक वर्षे ते कर्ज फेडत राहिले. शेवटी स्टुडिओ लता मंगेशकरांकडे गेला. लताबाई भालजींना बाबा म्हणत. 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या त्यांच्या चित्रपटांना आनंदघन या नावाने संगीत देणाऱ्याही त्याच. भालजींना १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये ते गेले.

जागेच्या विक्रीचे कळल्यावर २०२२ साली कलाकार आणि तंत्रज्ञ तिथे साखळी उपोषणाला बसले. त्यांची मागणी साधी होती: इथे पुन्हा चित्रीकरण व्हावे. मला ती पूर्ण पटते. मोरेवाडीला चित्रनगरी आहे आणि तिथे मालिकांचे कामही चालते, तरी जयप्रभाच्या आवारातल्या प्रत्येक झाडाखाली कुणीतरी पहिले वाक्य पाठ केलेले आहे.

न्यू पॅलेस, टाऊन हॉल आणि सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय एकाच माणसाने बांधले, हे खरे का?

आराखडे एकाचेच. मेजर चार्ल्स मँट. टाऊन हॉल १८७० च्या दशकातला, उंच निमुळत्या टोकांचा. न्यू पॅलेसचे काम १८७७ ते १८८४ चालले. मँट मात्र १८८१ सालीच वारले, त्यामुळे पुरा झालेला राजवाडा त्यांनी पाहिला नाही. वडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा मूळ आराखडाही त्यांचाच. न्यू पॅलेसचा घडीव काळा दगड जवळ जाऊन बघा: सांधे इतके बारीक आहेत की मध्ये नख शिरत नाही. घुमट मुसलमानी वळणाचे, कोरीव खांब जैन-हिंदू मंदिरांच्या वळणाचे, घड्याळाचा मनोरा इंग्रजी. आत संग्रहालय आहे. त्याला दोन तास तरी ठेवा.

सीपीआरचे मूळ नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. डॉ. आनंदीबाई जोशी यांची अमेरिकेतून परतताना इथल्याच स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूक झाली होती. रुग्ण तपासायला त्या उरल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. आजही हे चालते रुग्णालय आहे, त्यामुळे वास्तू बघायची तर रस्त्यावरून बघा, आत गर्दी करू नका.

लक्ष्मी विलास पॅलेस कोल्हापुरात आहे की वडोद्याला?

दोन्हीकडे. कोल्हापूरचा कसबा बावड्यात आहे. २६ जून १८७४ ला शाहू महाराजांचा जन्म तिथे झाला.

टाऊन हॉल संग्रहालयात काय चुकवू नये?

समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती. तळहातावर मावेल एवढी. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात उत्खनन झाले, त्यात सातवाहन काळातल्या वस्तूंबरोबर ती मिळाली. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातला माल घाट चढून इथे येत होता. बाकी दालनांत घाई केली तरी चालेल, या मूर्तीपाशी थांबा.

किरणोत्सव म्हणजे काय? केव्हा यावे?

अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि पुन्हा जानेवारी सरताना व फेब्रुवारी लागताना, मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपाच्या लाकडी खांबांमधून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग, धूळ किंवा वाटेतल्या इमारतींचा अडथळा आला तर किरणे अर्ध्यावरच थांबतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत दर्शन होईलच असे धरून येऊ नका. गर्दी अफाट असते.

शिवाजी चौकातला आणि बिंदू चौकातला पुतळा यांची गोष्ट काय?

आजच्या शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हावीरे या दोघी बायांनी भर दिवसा तो विद्रूप केला. पुढे तो हटला आणि १९४५ साली त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. पुढाकार भालजी पेंढारकरांचा, शिल्प बाबूराव पेंटरांचे. गोतावळा म्हणतो तो हाच.

बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला बसवले गेले. भाई माधवराव बागलांनी ते उभारले. बाबासाहेब हयात असताना उभा राहिलेला हा पुतळा म्हणून देशभरातून लोक इथे येतात.

साठमारी आणि चित्तेखाना ही नावे कशाची?

हत्तींच्या झुंजीचे मैदान ते साठमारी. संस्थानच्या शिकारी चित्त्यांना ठेवण्याची जागा तो चित्तेखाना. साठमारीत हत्तीला चिडवून पळ काढणाऱ्या माणसांनी लपायला बांधलेले दगडी बुरूज होते. तो खेळ क्रूर होता आणि गेला ते बरे झाले, पण जागेची खूण राहिली पाहिजे.

जुनी टॉकीज उरली आहेत का?

फार थोडी. व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज चौक, पार्वती टॉकीज असे पत्ते मात्र लोक अजून सांगतात. रिक्षावाल्याला ही नावे सांगा, तो नेमके नेऊन सोडेल.

नटांच्या आठवणी जपणारी एखादी जागा आहे का?

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. चंद्रकांत आणि सूर्यकांत या दोघा मांडरे बंधूंना लोक पडद्यावरचे शूरवीर म्हणून ओळखतात, पण चंद्रकांत हे फार चांगले चित्रकार होते. त्यांच्या घरातच ही चित्रे मांडली आहेत. गर्दी नसते, निवांत बघता येते.

शाहिरांची मात्र अशी जागा नाही. शाहीर पिराजीराव सरनाईकांचा डफ आणि आवाज ऐकलेली माणसे शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून भेटतात. कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, चहा मागवून सांगतील.

आमच्या घरी जुनी हँडबिले, फोटो आणि कंपनीच्या वह्या आहेत. त्यांचे काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे रद्दीत घालू नका आणि लॅमिनेशन अजिबात करू नका. प्लास्टिक तापवून चिकटवले की कागद कायमचा खराब होतो. चिकटपट्टी, स्टेपल, रबर काढून टाका. फोटोच्या मागे पेन न वापरता मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, अंदाजे साल, आणि ही माहिती कुणी सांगितली. घरातल्या आजी-आजोबांना जवळ बसवून हे काम आजच करा, कारण चेहरे ओळखणारी माणसे आधी जातात आणि मग फोटो मुके होतात. नंतर चांगल्या उजेडात, फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंचे फोटो काढा किंवा स्कॅन करा. मूळ वस्तू सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून वारा द्या.

द्यायची इच्छा असेल तर शिवाजी विद्यापीठ, करवीर नगर वाचन मंदिर किंवा देवल क्लब यांच्याकडे विचारणा करा. देताना पोच घ्या आणि स्कॅन स्वतःकडे ठेवा. जुनी फिल्मची रिळे सापडली आणि डबा उघडताच आंबट किंवा उग्र वास आला, तर डबा घरात ठेवू नका. गॅस आणि उन्हापासून दूर, हवेशीर जागी ठेवून आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. ते रीळ स्वतः उलगडून बघण्याचा मोह टाळा.